पंप बदलला, नंबर तोच

हे उद्यमबाग, बेळगाव. फाउंड्र्या, मशीन शॉप, आणि हायड्रोलिक्सच्या कामाला तर बेळगावचं नावच आहे.

हा एका प्रेसचा पॉवर पॅक बघा, म्हणजे प्रेसला प्रेशरनं तेल पुरवणारं युनिट. खाली तेलाची टाकी, वर मोटर, मग मोटर आणि पंप जोडणारं कपलिंग आणि त्याच्या पलीकडं हा एवढासा गिअर पंप. टाकीवर पेंटनं लिहिलंय पी-२. पंपाच्या अंगावर मात्र कंपनीनं पंच केलेला सिरियल नंबर आहे, तेल पुसल्याशिवाय दिसत पण नाही तो.

हे दोन नंबर दोन वेगळ्या वस्तूंचे आहेत. इंजिनिअरिंगमधली ऑन्टॉलॉजी म्हणजे सिस्टिममध्ये कुठल्या प्रकारच्या वस्तू आहेत, कोण कुणाचा भाग आहे, कोण कुणाच्या जागी बसतो, हे कम्प्युटरला पण कळेल इतकं स्पष्ट लिहून ठेवणं, आणि त्यातली पहिली गाठ इथंच सुटते. पी-२ ही सिस्टिममधली जागा, तिचं काम अमुक प्रेशरला अमुक तेल देणं. सिरियल नंबरवाला पंप हा लोखंडाचा पीस, आज इथं, उद्या दुसऱ्या मशीनवर. ग्रामपंचायतीच्या अध्यक्षाचं पद आणि त्या पदावर बसलेला माणूस, तसंच हे. कॅटलॉगमधलं मॉडेल हे तिसरंच, ते तर कुठं बसत पण नाही.

ऑइल आणि गॅस प्लांटसाठी केलेलं आयएसओ १५९२६ हे स्टँडर्ड आहे, त्याचं डेटा मॉडेल २००३ साली आलं, त्यात काळ पण धरलाय. म्हणजे या तारखेपासून त्या तारखेपर्यंत पी-२ वर चाललेला हा पीस, एवढा तुकडासुद्धा स्वतंत्र वस्तू म्हणून नोंदवता येतो, आणि तो जागेच्या आयुष्याचा पण भाग असतो, पंपाच्या आयुष्याचा पण. मला ही कल्पना फार आवडते. आयईसी ८१३४६ हे सिस्टिममधल्या वस्तूंना कोड कसे द्यायचे याचं स्टँडर्ड, त्यात तर कोडच्या आधी बरोबरचं चिन्ह (=) म्हणजे काम, वजाचं (-) म्हणजे वस्तू आणि अधिकचं (+) म्हणजे ठिकाण.

आता हिस्ट्री कार्ड बघा. बऱ्याच शॉपमध्ये मशीनला एकच कार्ड असतं, त्यावर पंप बदलला, परत पंप बदलला, आवाज येत होता म्हणून बदलला, एवढंच लिहिलेलं, काढलेला पंप कुठं गेला ते नाहीच, तो रिपेअर होऊन दुसऱ्या प्रेसवर चढलेला असतो आणि तिथं त्याची हिस्ट्री कोऱ्या पाटीवर सुरू होते. इथं फिटरची चूक नाही हो, कार्डावर तेवढा रकानाच नाही.

म्हणून कार्ड दोन करा, एक पी-२ चं, एक सिरियल नंबरचं, आणि दोन्हीवर बसवल्याची आणि काढल्याची तारीख. मग एकाच जागेवर पंपामागून पंप जात असतील तर आधी सक्शन स्ट्रेनर, म्हणजे पंप तेल ओढतो तिथली जाळी, चोक झालाय का बघा, कपलिंगचं अलाइनमेंट, म्हणजे मोटर आणि पंप एका रेषेत आहेत का, ते बघा. आणि एकच पीस जिथं जाईल तिथं आवाज करत असेल, तर तो पंप उघडा.