मोजा, निळा, पलंग

(परदेशात काम करणाऱ्या आणि जाऊ इच्छिणाऱ्या नर्सेसपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की एखाद्या डॉक्टरांचं दहा-पंधरा खाटांचं खासगी हॉस्पिटल डोळ्यांपुढे येतं. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. ज्यांना घरी सांभाळणं शक्य उरलेलं नाही अशा माणसांचं, त्यातही बहुतेक वयस्करांचं, ते राहतं ठिकाण. कुणी खुब्याच्या ऑपरेशननंतर महिनाभरासाठी येतं, कुणी कायमचं. राहतात म्हणून त्यांना पेशंट न म्हणता रेसिडेंट म्हणतात. या प्रत्येक रेसिडेंटचं ठरावीक मुदतीत सर्वांगीण मूल्यमापन करावं लागतं. ते काम जी नर्स सांभाळते ती एमडीएस कोऑर्डिनेटर. मी ते काम करते. तुमच्यापैकी जे एनसीएलएक्स, म्हणजे तिथली नर्सिंगच्या परवान्याची परीक्षा, पास होऊन तिकडे जाल, त्यांनी ‘कागदाचं काम’ म्हणून ते नाकारू नये, एवढ्यासाठी मी आज इथे उभी आहे.

हा कागद आला कुठून ते आधी ऐका. एक काळ असा होता की तिथल्या नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्या माणसांना खुर्चीला बांधून ठेवणं, गुंगीची औषधं देऊन गप्प बसवणं सर्रास चालायचं. १९८६ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने या काळजीच्या दर्जावर मोठा अहवाल दिला आणि १९८७ च्या डिसेंबरमध्ये नर्सिंग होम सुधारणेचा कायदा झाला. प्रत्येक रेसिडेंटचं एकाच पद्धतीने मूल्यमापन व्हायला हवं, हे त्या कायद्याने सांगितलं. त्यातून मिनिमम डेटा सेट, म्हणजे एमडीएस, तयार झाला. सध्याची ३.० आवृत्ती १ ऑक्टोबर २०१० पासून लागू आहे. तेव्हापासून एक मोठा बदल झाला: स्मरणशक्ती, मनःस्थिती, दुखणं आणि आवडीनिवडी याबद्दल आधी स्वतः रेसिडेंटलाच विचारायचं. केस पेपर वाचून अंदाज बांधायचा नाही.

हे ‘विचारणं’ मला कसं शिकावं लागलं ते सांगते. मी नवीन होते. आमच्याकडे एक मराठी आजी आल्या. एमडीएस फॉर्मच्या सी विभागात स्मरणशक्तीची छोटी मुलाखत असते, तिला बिम्स म्हणतात. एकूण १५ गुण. तीन शब्द सांगायचे: सॉक, ब्लू, बेड. ते लगेच म्हणून घ्यायचे. मग साल, महिना, वार विचारायचा आणि शेवटी तेच तीन शब्द आठवतात का ते बघायचं. फॉर्म इंग्रजीत होता, बाजूला माझी सीनियर बसली होती. मी इंग्रजीत विचारलं. आजी जुजबी इंग्रजी समजत, त्यामुळे मान हलवत राहिल्या. महिना विचारला तर म्हणाल्या, “श्रावण.” मी शून्य लिहिलं. सगळे मिळून पाच गुण झाले. सात किंवा त्याखाली म्हणजे बुद्धी फार मंदावलेली, असं तो आकडा सांगतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण महिना खरोखरच श्रावण होता.

दुसऱ्या दिवशी सीनियरला सगळं सांगितलं. एमडीएसच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की मुलाखत रेसिडेंटला हव्या त्या भाषेत घ्यायची, लागला तर दुभाषा बोलवायचा. मुदत अजून होती. मी खुर्ची ओढून आजींच्या समोर बसले, श्रवणयंत्र कानात नीट आहे ना ते पाहिलं आणि म्हटलं, “आजी, तीन शब्द सांगते, मागून म्हणा. मोजा, निळा, पलंग.” तिन्ही म्हणाल्या. महिना? “श्रावण.” इंग्रजी कुठला हो, आजी? “ऑगस्ट नाही का गं!” शेवटी मोजा आठवला, निळा आठवला, तिसऱ्याला अडल्या. ‘घरातलं सामान’ एवढी आठवण दिली, तर म्हणाल्या, “पलंग. आम्ही खाट म्हणायचो.” चौदा गुण.

पाच आणि चौदा यात काय फरक आहे? पाच गुणांच्या बाईला तिच्या औषधांबद्दल कुणी विचारत नाही, मुलीला विचारतात. चौदा गुणांच्या बाईला विचारावंच लागतं.

म्हणून कुणी मला विचारलं की या कामाचं ट्रेनिंग कुठून सुरू करू, तर मी म्हणते, खाटेशेजारच्या खुर्चीपासून. टीव्ही बंद करा, चश्मा द्या, प्रश्न जसा छापलाय तसाच विचारा आणि उत्तराची वाट बघा. वाट बघणं आपल्याला जड जातं. वॉर्डात चाळीस पेशंट सांभाळून आलेल्या नर्सला तर फारच जड जातं.

दुसरी गोष्ट ओव्हर घेण्याची, म्हणजे आधीच्या पाळीकडून माहिती घेण्याची. फॉर्मच्या जीजी विभागात माणूस स्वतःचं काय काय करू शकतो ते लिहायचं असतं. पूर्ण स्वावलंबी असेल तर सहा, सगळं दुसऱ्याने केलं तर एक. इथे ‘नेहमी काय होतं’ ते धरायचं, सर्वांत चांगला प्रसंग नाही आणि सर्वांत वाईटही नाही. दुपारी थेरपिस्टबरोबर वॉकरने चालणारे आजोबा पहाटे तीनला दोघांनी उचलल्याशिवाय टॉयलेटला जात नाहीत, हे रात्रपाळीच्या नर्सिंग असिस्टंटलाच ठाऊक असतं. आपल्या वॉर्डातल्या मावशी आणि मामांना जसं सगळं ठाऊक असतं, तसंच. तिन्ही पाळ्यांच्या लोकांशी बोला. मी आठवड्यातून एकदा पहाटेच जाते.

कातडीबद्दलही बोलायला हवं. बेडसोअर, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमा, टाचेखाली, माकडहाडावर, ऑक्सिजनच्या नळीखाली कानामागे लपलेल्या असतात. मोजे काढून बघा. सावळ्या, काळ्या त्वचेवर पहिल्या टप्प्यातला लालसरपणा दिसत नाही. तिथे बोटांनी ऊब आणि टणकपणा चाचपावा लागतो, आणि हे आपल्याला इतरांपेक्षा चांगलं जमायला हवं. चौथ्या टप्प्याची जखम भरत आली तरी तिला तिसऱ्या टप्प्याची म्हणायचं नाही, ती ‘भरत आलेली चौथ्या टप्प्याची’च. वजनही तसंच: १४० पौंडांची बाई महिन्यात १३३ वर आली की पाच टक्के गेले, ते नोंदवलंच पाहिजे.

मुदतींचं गणित घोकून पाठ करावं लागतं. दाखल झाल्यापासून ४८ तासांत प्राथमिक केअर प्लॅन. पहिलं सर्वांगीण मूल्यमापन चौदाव्या दिवसापर्यंत, मग दर तिमाहीला, वर्षातून एकदा पुन्हा सर्वांगीण, आणि मध्येच तब्येतीत मोठा बदल झाला तर ते लक्षात आल्यापासून चौदा दिवसांत नवं. हळूहळू हे अंगवळणी पडतं.

पैशाचा विषय मी टाळणार नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून मेडिकेअरची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्याची, पैसे देण्याची नवी पद्धत आली. आधी थेरपीची मिनिटं मोजून पैसे मिळत, आता रेसिडेंटचे आजार आणि गरजा पाहून मिळतात, आणि त्या बऱ्याचशा आपल्याच फॉर्मवरून कळतात. म्हणून रोगनिदानाचे आयसीडी-१० कोड शिका. आणि कुणी गोड बोलून “एवढा आकडा जरा वाढव” म्हणालं तर नाही म्हणायला शिका. जाणूनबुजून खोट्या मूल्यमापनावर सही केली तर कायद्यात दर फॉर्ममागे हजार डॉलरपर्यंत दंड होता, दुसऱ्याकडून खोटं करवून घेतलं तर पाच हजार. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट ही की फॉर्म पूर्ण झाल्याची सही रजिस्टर्ड नर्सचीच लागते. ती सही तुमची.

या कामासाठी सरकारी सर्टिफिकेट सक्तीचं नाही. नर्सिंग होमच्या फ्लोअरवर वर्षभर तरी काम करा. एमडीएस ज्याचा भाग आहे त्या रेसिडेंट असेसमेंट इन्स्ट्रुमेंटचं मॅन्युअल सरकारच्या संकेतस्थळावर फुकट आहे. दुसरं प्रकरण मुदतींचं, तिसरं एकेका प्रश्नाचं, चौथं फॉर्मवरून केअर प्लॅनकडे कसं जायचं त्याचं. तिसरं मी रोज एक विभाग असं वाचलं, समोर एका खऱ्या रेसिडेंटला ठेवून. नंतर अमेरिकन असोसिएशन ऑफ पोस्ट-अॅक्यूट केअर नर्सिंगचं आरएसी-सीटी सर्टिफिकेट घेता येतं. ते घ्याच, पण फ्लोअरवर काम केल्यानंतर घ्या, म्हणजे त्यातला शब्दन् शब्द ओळखीचा वाटेल.

त्या आजींचं राहिलं. एफ विभागात आंघोळीचा प्रश्न आहे: टब, शॉवर, खाटेवरची किंवा स्पंजची आंघोळ, यातून निवडता येणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? आजी शॉवरखाली रोज रडायच्या, आरडाओरडा करायच्या. ‘काळजीला विरोध करते’ अशी नोंद चालली होती. मी मराठीत विचारलं तेव्हा म्हणाल्या, “अगं, डोक्यावरून असं धबाधबा पाणी कोण घेतं? जीव गुदमरतो. बादली आणि तांब्या दे मला.” आमच्या हैतीच्या नर्सिंग असिस्टंटने स्वयंपाकघरातून प्लॅस्टिकचा जग आणला. केअर प्लॅनमध्ये मी लिहिलं: आंघोळ शॉवर खुर्चीवर बसून, बादलीतल्या कोमट पाण्याने, जग रेसिडेंटच्या हातात, पाणी स्वतः घेतील, पाठीला मदत.