शंभर धावांची बिस्किटं

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते शाळा-कॉलेजातल्या मुलांवर नेम धरून केलेल्या जाहिरातींबद्दल.

1999 चा क्रिकेट विश्वचषक इंग्लंडमध्ये होता. एका बिस्किट कंपनीनं पुड्यांवर धावा छापल्या होत्या. वेष्टनं साठवा, शंभर धावा करा, नशीब असेल तर थेट इंग्लंड! आमच्या कराडच्या गल्लीतली पोरं नुसती झपाटली होती. चहाबरोबर बिस्किट, दुधाबरोबर बिस्किट, डब्यात पोळीऐवजी बिस्किट. एसटी स्टँडच्या कचऱ्यातली वेष्टनं धुऊन दोरीवर चिमट्यांनी वाळत घातलेली मी पाहिली आहेत.

माझा मावसभाऊ सत्तरच्या घरात अडकला. विश्वचषक तोंडावर आलेला. सहलीसाठी दिलेली नोट घेऊन तो कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "काका, अख्खा बॉक्स द्या." काकांनी नोट उलटसुलट करून पाहिली. "एवढे पैसे कुठले रे? आईला विचारलंस का?" मग एक पुडा उधारीवर दिला, आणि नोट आपल्या मुलाच्या हाती मावशीकडे पाठवली. भाऊ रुसला, रात्री जेवला नाही. त्याच्या शंभर धावा काही झाल्या नाहीत. सहल मात्र झाली.

सांगायचंय ते हे, की मध्ये एक माणूस होता. मुलाला ओळखणारा माणूस. आज रील चालू असतानाच खरेदीचं बटण येतं, वडिलांचा यूपीआय पिन मुलाला पाठ असतो. "आईला विचारलंस का?" म्हणायला मध्ये कुणीच नाही. म्हणून माझं ठाम मत आहे, खाऊचे पैसे रोखच द्यावेत. नोट मोडताना कळते. आणि आमच्या शाळेत संचयिका होती, दर आठवड्याला रुपया-दोन रुपये भरायचो, तशी प्रत्येक शाळेत हवी. असो.

रीलमधली ताई किंवा दादा पैसे घेऊन वस्तूची तारीफ करत असेल, तर ती जाहिरात आहे असं स्पष्ट लिहायला हवं. भारतीय जाहिरात मानक परिषदेचा हा नियम 2021 पासून आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात तर अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. पुन्हा सांगतो, अठरा वर्षांखालच्या.

आज जेवणं झाली की मुलांच्या शेजारी बसून चार रील बघा. 'जाहिरात' ही अक्षरं कुठं दिसतात, ते त्यांनाच शोधू द्या. फसवी जाहिरात आढळली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे 1915. एक-नऊ-एक-पाच. लिहून घ्या.