अनुदान सॉफ्टवेअरला, तपासणी कोणाच्या खर्चानं?

मंडळी, वकिलांनी एआय वापरावं म्हणून सरकारनं पैसे का द्यावेत, असा प्रश्न विषय ऐकूनच काहींच्या मनात आला असेल. वकील आणि गरजू हे शब्द एका वाक्यात सहसा बसत नाहीत, हे मलाही मान्य आहे.

पण वकील म्हणजे फक्त बडी लॉ फर्म नव्हे. तिच्याकडे आयटीची माणसं असतात, चार साधनं महिनाभर वापरून तीन परत करण्याची ऐपत असते. दोन वकिलांच्या कचेरीत युक्तिवाद करणाराच बिलं काढतो आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला की झाकणही तोच उघडतो. साधन पारखायला त्याला सवड कधी मिळणार?

सिंगापूरला हे लवकर उमगलं. 2017 मध्ये तिथं ‘टेक स्टार्ट फॉर लॉ’ आलं, 2019 मध्ये ‘टेक-सेलरेट फॉर लॉ’. पहिल्या वर्षीच्या खर्चाचा 70 टक्क्यांपर्यंत भार सरकार उचलणार, ही या योजनांची मुख्य गोष्ट होती. 2022 मध्ये तिथल्या कायदा मंत्रालयानं पुढाकार घेऊन एका प्रकरणाची कागदपत्रं, कामं आणि निरोप एकाच जागी ठेवणारा ऑनलाइन मंचही आणला.

यातल्या ‘पहिल्या वर्षी’ या दोन शब्दांपाशी मी थोडा थांबणार आहे. वर्षभरात कचेरीचे सगळे मसुदे, सगळ्या सवयी त्या साधनाला चिकटतात. मग दुसऱ्या वर्षी पुरवठादाराचं पूर्ण बिल येतं. तेव्हा सोडणं महाग आणि ठेवणंही महाग.

त्याहून मोठा खर्च बिलात दिसतच नाही. समजा, चाळीस पानी भाडेकरार आहे. साधन अर्ध्या मिनिटात सांगतं, करार संपवायला तीस दिवसांची नोटीस पुरे. कलमात तसंच लिहिलंय. पण शेवटच्या परिशिष्टात एक ओळ आहे: या जागेपुरती मुदत साठ दिवस. ती ओळ सापडायची तर कुणीतरी चाळीसही पानं वाचायला हवीत. म्हणजे वाचलेला वेळ पुन्हा वाचनातच गेला! पूर्ण नाही, पण बराचसा.

न वाचल्यास काय होतं, ते न्यूयॉर्कमध्ये 2023 साली दिसलं. एव्हियांका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात दाखल केले. निवाडे खरे आहेत ना, हे त्यांनी विचारलं कुणाला, तर त्याच चॅटजीपीटीला. त्यानं अर्थातच हो म्हटलं. दंड झाला 5,000 डॉलर. अब्रू गेली ती निराळीच.

सिंगापूरच्या न्यायालयांनी 2024 च्या परिपत्रकात एआयला बंदी घातली नाही. दाखल केलेल्या मजकुराची जबाबदारी मात्र दाखल करणाऱ्याचीच, हे स्पष्ट केलं. मला ते रास्त वाटतं. पण मग हिशेब असा होतो की अनुदान सॉफ्टवेअरला आणि जोखीम वकिलाला. माझ्या हाती असतं तर निम्मी रक्कम मी माणसांच्या तासांवर लावली असती: तपासणी शिकवणं, चुका नोंदवून ठेवणं, तरुण वकिलांना आधी साधनाशिवाय करार वाचायला लावणं.

आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. असंख्य खटल्यांत समोरचा पक्ष सरकारच असतो. करवसुलीविरुद्ध लढणाऱ्या अशिलाची कागदपत्रं सरकारी पैशानं उभ्या राहिलेल्या मंचावर ठेवायची का? तांत्रिक कुलपं असतीलही. पण अशिलानं विचारलं, ‘वकीलसाहेब, किल्ली कुणाकडे?’ तर उत्तर तयार हवं. म्हणून पैसा वकिलांच्या स्वायत्त संस्थेमार्फत यावा आणि साधन कुठलं घ्यायचं ते कचेरीनं ठरवावं, असं माझं मत आहे.

कचेरी तासांवर फी घेत असेल, तर काम लवकर उरकणारं साधन तिचंच उत्पन्न घटवतं. त्यावर अनुदानाचा काही उपाय नाही. फी कशी आकारायची, हे वकील आणि अशील यांनाच नव्यानं ठरवावं लागेल.

तुमच्यापैकी कुणी अशा अनुदानाचा अर्ज भरणार असेल, तर सही करण्याआधी पुरवठादाराकडून दोन गोष्टी लेखी घ्या: तिसऱ्या वर्षीचा दर, आणि साधन सोडताना आपली कागदपत्रं कोणत्या स्वरूपात परत मिळतील ते.