पाटीवरची वेळ आणि आईची वेळ

(दृश्य: दाट धुकं. आधी गळ्यातल्या घंटेचा आवाज, मग गाय.)

कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर उंच. महाराष्ट्रात त्याहून वर पाय टेकवायला जागाच नाही. स्वित्झर्लंडमधलं मुरेन हे गाव जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे. इथे त्या उंचीवर लोकांची घरं आहेत आणि खिडक्यांत फुलांच्या कुंड्या. डोंगर अजून सुरूच व्हायचाय. धुकं फाटलं की समोर दिसतात आयगर, म्योंख आणि 4,158 मीटरची युंगफ्राऊ.

आपल्याकडच्या सहली युंगफ्राऊयोखला जातात. 3,454 मीटरवरचं ते रेल्वे स्टेशन 1912 पासून चालू आहे. बर्फात फोटो, गरम चहा, संध्याकाळी पुढचं शहर. आम्हीही पूर्वी तसेच येऊन गेलो होतो. या वेळी मात्र एकाच गावात सहा रात्री. मी, बायको, 9 वर्षांची लेक आणि 68 वर्षांची आई.

(दृश्य: रोपवेची केबिन. खाली लोंबकळणारा सामानाचा फलाट.)

मुरेन दरीच्या कड्यावर, एका फळीवर ठेवल्यासारखं वसलंय. बाहेरून मोटार येत नाही. खालच्या लाउटरब्रुनेनहून रोपवेने ग्रुचआल्पला यायचं, तिथून छोट्या रेल्वेने गावात. माणसं केबिनमध्ये आणि गावाचा किराणा केबिनच्या खाली टांगून! आईला हे फार पटलं. "वर आपण, खाली बटाटे," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी आम्ही रेल्वे सोडून दिली आणि ग्रुचआल्पहून चालतच निघालो.

(दृश्य: वाटेवरची पिवळी पाटी.)

या पाट्यांकडे जरा नीट बघा. त्यांच्यावर किलोमीटर नाहीत, वेळ आहे. सपाटीवर ताशी 4.2 किलोमीटर चाल धरायची, त्यात चढ-उतार मिळवायचा, आणि विश्रांती धरायची नाही. नुसती पिवळी पाटी म्हणजे सोपी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला की डोंगरवाट, तिथे बूट चांगले हवेत. पांढरा-निळा-पांढरा दिसला की आमच्यासारख्यांनी मागे फिरावं. देशभर अशा वाटा 65,000 किलोमीटरच्या वर आहेत. 1979 साली लोकांनी मतदान करून पायवाटा थेट राज्यघटनेत घातल्या. गडांवर दगडाला फासलेल्या चुन्याच्या बाणांवर भरवसा ठेवून चाललेल्या माणसाला याचा हेवा वाटणारच.

आमच्या वाटेला पाटीच्या हिशेबाने साधारण सव्वा तास. आम्हाला लागले तीन. लेकीने वाटेतल्या प्रत्येक ओढ्यात हात घातला. आईने प्रत्येक बाकावर बसून पाहिलं. मध्ये विंटरएगला थालीपीठ-लोणच्याचा डबा उघडला, तिथे अर्धा तास सहज गेला. धावत आलेला एक म्हातारा "ग्रुएसेख" म्हणून पुढे गेला. बर्नकडचा हा रामराम. आईने त्याला नमस्कारच केला.

दुसऱ्या दिवशी पाऊस. दरीत उतरलो आणि श्टाउबबाख पाहिला. जवळजवळ 300 मीटरवरून पडणारा धबधबा. 'श्टाउब' म्हणजे धूळ. पाणी खाली पोचेपर्यंत वाऱ्याने त्याची खरंच धूळ होते. नाणेघाटात वारा पावसाळ्यात धबधबा उलटा वर फेकतो, ते पाहिलेल्या लेकीने निकाल दिला, "आपला वारा जास्त दांडगा."

(दृश्य: गिमेलवाल्ड. तीव्र उतारावर गवत कापणारी माणसं.)

मुरेनच्या खाली गिमेलवाल्ड आहे. उताराची वाट, शंभर-सव्वाशे वस्तीचं गाव. उतार असा की जिथे यंत्र टिकत नाही तिथे आजही लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापतात. उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणांवर असतात. त्या कुरणाला इथे 'आल्प' म्हणतात. चीजही तिथेच बनतं. खालचं गवत वाळवून हिवाळ्याची वैरण करायची. बर्फ पडला की सहा-सात महिने गोठाच.

आई कुंपणाशी थांबली. गवत उलथणाऱ्या बाईकडे पाहून तिने हातानेच विचारलं, गाई किती? बाईने दोनदा पंजा उघडला आणि वर दोन बोटं. आईने एक बोट दाखवलं. माहेरची, दारातली. मग दोघींनी आभाळाकडे पाहिलं. गवत वाळायच्या आत पाऊस येईल का, एवढंच ते बोलणं असावं.

परतीच्या चढाची पाटी आईने चष्मा लावून वाचली. आकडा बघितला, आमच्याकडे बघितलं.

"याला तीनने गुणा," म्हणाली, "आणि रोपवेचं तिकीट काढा."

(दृश्य: केबिन वर जाते. खाली गवताच्या रांगा.)