मेंढ्याच्या तोंडाचा पेला

(काळ्या पडद्यावर मेंढ्याचं मातीचं डोकं सावकाश फिरतंय.)

वळलेली शिंगं. कपाळावर मातीच्या बारीक ठिपक्यांची लोकर. आणि मानेच्या जागी पेल्याचं उघडं तोंड.

इसवीसनपूर्व पाचव्या शतकातलं अथेन्स. मंचकावर कलंडलेला पाहुणा हा पेला ओठाला लावतो, आणि समोरच्याला त्याच्या चेहऱ्याजागी मेंढ्याचं थोबाड दिसतं! पेल्याला बूड नाही. भरलेला खाली ठेवायची सोयच नाही.

अशा भांड्यांना सरसकट रायटॉन म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'वाहणं'. अस्सल रायटॉनला खाली भोक असतं, त्यातून वाइनची धार सुटते. अथेन्सच्या बहुतेक मातीच्या डोक्यांना ते नाही. कल्पना इराणची, तिकडे सोन्याचांदीची. इसवीसनपूर्व ४७९ साली ग्रीसमधल्या प्लॅटियाच्या लढाईत इराणी छावणी ग्रीकांच्या हाती लागली. त्या लुटीत सोन्याचे पेले होते, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो. अथेन्सच्या केरामेइकोस या कुंभारवाड्यात मात्र सोनं नव्हतं. माती होती.

(हात. ओली माती. साचा.)

डोकं दोन अर्ध्या साच्यांत. माती अंगठ्याने दाबत कोपऱ्याकोपऱ्यात बसवायची, अर्धुकं जोडायची, सांधा पुसायचा. वरचा पेला चाकावर वेगळा. दोन्हींची ओल सारखी हवी, नाहीतर सुकताना जोड तडकतो. मग कान, मग मूठ. काळा रंग म्हणजे त्याच मातीचा गाळून गाळून काढलेला साका. भट्टीत आधी मोकळी हवा. मग झरोके बंद, आत धूर, सगळं काळंठिक्कर. मग पुन्हा हवा. उघडी माती लाल होते, साका लावलेला भाग तापून काचेसारखा घट्ट झालेला असतो, तो काळाच राहतो.

एकच साचा, पण वर रंगवलेलं चित्र दर वेळी नवं. आपण संग्रहालयात चित्रच बघत बसतो.

(घोड्यावर स्वार ॲमेझॉन, म्हणजे ग्रीक दंतकथांतली लढवय्यी बाई. तिच्यामागे पेला.)

हा सोताडेस नावाच्या कुंभाराचा. सही आहे त्याची. सापडला कुठे? सुदानमधल्या मेरोवेच्या पिरॅमिडांत, तुकड्यांत. आज बोस्टनच्या संग्रहालयात आहे.

बाकीचे बरेच इटलीतल्या थडग्यांतून आले. कित्येक चोरांनी उकरले, त्यांचं मूळ ठिकाण आता कळायचं नाही.

सोताडेसच्या भांड्यांवर ज्याने चित्रं काढली, त्याचं नाव कुठेच नाही. अभ्यासक त्याला 'सोताडेसचा चित्रकार' म्हणतात.