पाषाण तलावावर सरसकट 'बदक बदक' म्हणू नका

हां तर नमस्कार मंडळी, सकाळचे पावणेसात झालेत, मी पुण्यात पाषाण तलावाच्या कडेला उभी आहे, गाड्यांचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या, त्याला इलाज नाही.

ते समोर काळं काळं पोहतंय ना, ते बदक नाही. मीपण पहिली दोन वर्षं बदकच म्हणायचे, एकदा चारचौघांत छातीठोकपणे सांगितलं आणि शेजारचे एक काका शांतपणे म्हणाले, अहो ताई, वारकरी आहे तो. कपाळ बघा, गोपीचंदन लावल्यासारखं पांढरं, चोचही पांढरी, बाकी सगळा काळा. हा पाणकोंबडीच्या भावकीतला. काठावर आला की पाय बघा, बदकासारखा सलग पडदा नाही, प्रत्येक बोटाला सुटी झालर. आणि उडायचं तर आधी पाण्यावर फटफटफट धावत सुटतो.

म्हणून मला मराठी नावं आवडतात, कुठं बघायचं ते नावातच सांगितलेलं असतं. आता हे बघा खरं बदक, हळदीकुंकू. काळ्या चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं आणि कपाळाकडच्या बाजूला दोन लाल ठिपके, झालं, विसरूच शकत नाही. हे आपल्याकडं बारा महिने असतं. थापट्या मात्र थंडीचा पाहुणा, चोच गवंड्याच्या थापीसारखी पसरट, तिनं पाणी गाळून खातो.

आता इथं चिखलात बघा, काय दिसतंय? काहीच नाही ना? नीट बघा... उडाला! पांढरेशुभ्र पंख! हा वंचक, बसला की चिखलाचाच होऊन जातो, फसवतो म्हणून वंचक.

आणि ही हिरवी गादी म्हणजे जलपर्णी, मूळची दक्षिण अमेरिकेतली, पाणी झाकून टाकते, मग उघडं पाणी लागणाऱ्या बदकांनी उतरायचं कुठं? पण गंमत अशी की लांब बोटांचा कमळपक्षी त्याच गादीवरून आरामात चालतो. त्यांच्यात अंडी बाप उबवतो, पिल्लं पंखाखाली धरून नेतो, आणि बाईसाहेब दुसऱ्या नवऱ्याकडं! तर जलपर्णी काढायलाच हवी, पण ऐन विणीच्या पावसाळ्यात मशीन घालून सगळं खरवडायचं हे मला पटत नाही.

दुर्बीण ८ बाय ४२ पुरते, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंग ४२ मिलिमीटरची, कॅमेऱ्याच्या नादी लगेच लागू नका. सूर्य पाठीशी ठेवा. आणि पाव टाकू नका, प्लीज. सुरुवात कधी करायची म्हणाल तर ५ ते १२ नोव्हेंबर आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो, निसर्गलेखक मारुती चितमपल्ली आणि पक्षीतज्ज्ञ सालिम अली या दोघांच्या वाढदिवसांमधला आठवडा, तेव्हा पाहुणेपण यायला लागलेले असतात.

अरे थांबा थांबा, टिबुकली! ती मुठीएवढी... गेली, बुडी मारली. आता कुठून निघेल? मी म्हणते डावीकडून, त्या काडीजवळ, कॅमेरा तिकडं धर... धर ना... हात्तिच्या, मागं निघाली.