नाताळची रात्र किती पानांची?

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

आजच्या व्याख्यानाचे शीर्षक वाचून दोघातिघांनी मला दारातच विचारले की हा विषय छपाईच्या हिशेबाचा आहे की कवितेचा. हिशेबाचाच आहे. लहान मुलांसाठी काढलेल्या नाताळच्या चित्रपुस्तकात रात्रीच्या वाट्याला किती पाने येतात आणि सकाळच्या वाट्याला किती, यावरून त्या पुस्तकाची बरीचशी प्रत ठरते, असे माझे म्हणणे आहे. हे म्हणणे मी गेली अनेक वर्षे घरच्या मंडळींना ऐकवत आले. त्यांनी आता ऐकण्याचे सोडून दिल्यामुळे आज तुमच्यापुढे उभी आहे.

चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचे असते, हे येथे बसलेल्या प्रकाशकांना आणि चित्रकारांना मी सांगायला नको. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून त्याच्या घड्या घातल्या की १६ पानांचा एक फर्मा होतो. असे दोन फर्मे एकत्र शिवले की पुस्तक तयार होते, आणि त्यातून शीर्षकपान, श्रेयनामावली व अर्पणपत्रिका वजा केली की प्रत्यक्ष गोष्टीसाठी बारा ते चौदा जोडपाने, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, उरतात. कादंबरीकार ‘रात्र सरली’ असे दोन शब्द लिहून मोकळा होतो. चित्रकाराला मात्र रात्र दाखवायची तर ती रंगवून द्यावी लागते, आणि रात्रीला दिलेले प्रत्येक पान गोष्टीतल्या दुसऱ्या कशाच्या तरी तोंडचे काढून घ्यावे लागते. वाचता न येणाऱ्या मुलाच्या हातात घड्याळ नसते, पण पान असते. ते उलटेपर्यंत पुढचे दिसत नाही, एवढा एकच नियम त्याला पुस्तकाबद्दल ठाऊक असतो, आणि नाताळच्या आदल्या रात्री जागत पडलेल्या मुलालाही नेमका तोच नियम लागू असतो.

ही रात्र मूळ कथेतच आहे. लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ रात्री आपल्या कळपाची राखण करीत असताना त्यांना जन्माची वार्ता कळते. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी लोक ताऱ्याच्या मागोमाग येतात, आणि तारा म्हटला की रात्र आलीच. येथे थोडे विषयांतर करते. ते ज्ञानी लोक किती होते, हे मत्तय सांगत नाही. तो फक्त भेटी सांगतो, सोने, ऊद आणि गंधरस, आणि भेटी तीन म्हणून माणसे तीन, असे परंपरेने ठरवून टाकले. गव्हाणीजवळचा बैल आणि गाढवही शुभवर्तमानांत नाहीत; तेही परंपरेचे आणि चित्रकारांचे देणे आहे. मला यात चित्रकारांचा दोष वाटत नाही. लेखकाला ‘काही ज्ञानी लोक’ असे लिहून भागते, पण ‘काही’ माणसांचे चित्र काढता येत नाही. कुंचला हाती घेतला की मोजावेच लागते. चित्रपुस्तकातला मजकूर जेथे गप्प राहतो तेथे चित्राला बोलावेच लागते, ही गोष्ट कृपया लक्षात ठेवा, कारण वेळ उरला तर मी तिच्याकडे परत येणार आहे.

सांताक्लॉजच्या रात्रीचा उगम मात्र बराच अलीकडचा आहे. २३ डिसेंबर १८२३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय गावच्या एका वृत्तपत्रात सेंट निकोलसच्या भेटीची ५६ ओळींची एक कविता निनावी छापून आली. पुढे क्लेमेंट क्लार्क मूर यांनी ती आपली असल्याचे सांगितले, आणि त्याविषयी वाद अजून चालू आहे. तो मी येथे सोडवणार नाही. त्या कवितेतला सेंट निकोलस आजच्यासारखा धिप्पाड नसून चिमुकला आहे, त्याची घसरगाडी इवलीशी आहे आणि ती ओढणारे आठ रेनडिअरही इवलेसे आहेत, त्यामुळे तो धुराड्यातून कसा उतरतो हा प्रश्न पडतच नाही. तो प्रश्न पुढच्या चित्रकारांनी ओढवून घेतला. १८६३ पासून थॉमस नॅस्ट यांनी ‘हार्पर्स वीकली’त सांता रेखाटायला सुरुवात केली, आणि पुढच्या काळात तो अंगापिंडाने वाढत गेला. परंतु माझ्या दृष्टीने त्या कवितेतली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. त्या रात्री मुले गाढ झोपलेली आहेत, आणि आवाज ऐकून उठतो, खिडकीशी धावतो, सांताला डोळे भरून पाहतो तो त्यांचा बाप. म्हणजे मुलांसाठी म्हणून वाचल्या जाणाऱ्या या कवितेत सगळा चमत्कार बघितला तो वडीलधाऱ्याने. विसाव्या शतकातल्या चित्रपुस्तकांनी हा हक्क बापाकडून काढून मुलाला दिला, मुलाला अंथरुणातून उठवले आणि त्याच्या हाती रात्र सोपवली. आजच्या बाजारातली पुस्तके तो हक्क त्याच्याकडून पुन्हा हिरावून घेत आहेत, आणि येथून माझी तक्रार सुरू होते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या नातीला, ती तेव्हा चार वर्षांची होती, एका स्नेह्यांनी नाताळचे एक पुस्तक भेट दिले. जाड पुठ्ठ्याच्या पानांचे ते देखणे पुस्तक होते. मुखपृष्ठावर चमचमणारी भुकटी चिकटवलेली होती आणि उजव्या कडेला लाल रंगाचे बटण होते. मुखपृष्ठावर काय होते ते ऐका: सांता, त्याची घसरगाडी, उघडलेली भेट, त्या भेटीतून डोकावणारे कुत्र्याचे पिल्लू आणि आनंदाने हात पसरलेले मूल. गोष्ट अशी होती की एका मुलाला भेट म्हणून काय हवे आहे हे कोणालाच ठाऊक नसते, आणि ते शेवटच्या पानावर कळते. रहस्यकथेच्या मुखपृष्ठावर खुन्याचे छायाचित्र छापावे, तशातला हा प्रकार होता. अर्थात नातीला त्याचे काही वाटले नाही, कारण ती पहिल्या पानाच्या पुढे कधी गेलीच नाही. तिने बटण दाबले, घंटा किणकिणल्या आणि एक धून वाजली. धून संपली की तिने पुन्हा बटण दाबले. पान उलटण्याचे कारणच तिला उरले नव्हते, कारण पुस्तकाने द्यायचे होते ते सगळे पहिल्याच क्षणी, वाट पाहायला न लावता, देऊन टाकले होते. मी दोनदा पान उलटण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तिने अत्यंत सौजन्याने ते पुन्हा पहिल्या जागी आणून ठेवले.

त्या भुकटीबद्दल बोलू नये असे मी ठरवले होते, पण बोलते. ती पुस्तकावरून बोटांवर, बोटांवरून उशीवर आणि उशीवरून माझ्या कपाळावर आली, आणि दुसऱ्या दिवशी एका शोकसभेत मी चमकत्या कपाळाने बसून होते. शेजारच्या बाईंनी तीनदा माझ्याकडे पाहिले आणि तिन्ही वेळा काही बोलल्या नाहीत. (हशा) पंधरा दिवसांनी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, कपाटातून ती धून आपोआप वाजू लागली. आतली बॅटरी संपत आली असावी. कारण सूर मंद झाले होते आणि घंटा कोणी विहिरीच्या तळाशी वाजवाव्यात तशा ऐकू येत होत्या. मी स्वयंपाकघरातली सुरी घेऊन मागचा स्क्रू फिरवला, बॅटरी काढली, आणि घर शांत झाले. त्या पुस्तकाच्या संदर्भात रात्रीची शांतता अनुभवण्याचा तेवढा एकच प्रसंग मला लाभला.

आता न्यायाने बोलायचे तर बाजार आणि नाताळची पुस्तके यांचे नाते जुनेच आहे. लाल नाकाचा रेनडिअर रुडॉल्फ हा १९३९ मध्ये मॉन्टगोमेरी वॉर्ड या अमेरिकी दुकानसाखळीच्या जाहिरात विभागातील रॉबर्ट मे यांनी गिऱ्हाइकांना फुकट वाटायच्या पुस्तिकेसाठी निर्माण केला, आणि पहिल्याच हंगामात तिच्या सुमारे २४ लाख प्रती वाटल्या गेल्या. शिवाय मला करामतींचेही वावडे नाही. जॅनेट आणि अ‍ॅलन अ‍ॅलबर्ग यांच्या १९९१ च्या नाताळच्या पोस्टमनच्या पुस्तकात पाने म्हणजे पाकिटे आहेत, आणि त्यांत हात घालून पत्रे बाहेर काढावी लागतात. पण तेथे करामत मुलाला थांबवते, पाकिटात काय असेल असे वाटायला लावते. बटण दाबणारे मूल आणि पाकीट उघडणारे मूल यांच्यात एका क्षणाचे अंतर असते, आणि त्या क्षणासाठीच मी भांडते आहे.

त्याच नातीला मी पुढच्या वर्षी रेमंड ब्रिग्ज यांचे १९७८ चे ‘द स्नोमॅन’ दाखवायला घेतले. या पुस्तकात एकही वाक्य नाही. स्वतःच्याच आधीच्या पुस्तकातला चिखल, बुळबुळीतपणा आणि शब्दांची गर्दी यांना ब्रिग्ज कंटाळले होते आणि त्यांना काहीतरी स्वच्छ, निःशब्द करायचे होते. रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या लहानलहान चौकटींत मुलगा बर्फाचा माणूस करतो, रात्री जागा होऊन त्याला घरात आणतो, आणि शेवटी दोघे उडून जातात. शब्द नाहीत, तेव्हा ते आपण पुरवले पाहिजेत असे मला वाटले आणि मी ठसक्यात निवेदन सुरू केले. बर्फाचा माणूस मुलाच्या आईवडिलांच्या खोलीत शिरतो तेथे आम्ही आलो, तेव्हा नातीने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि कुजबुजत म्हणाली, “आजी, तू बोलू नकोस ना. ते उठतील.” त्यानंतरची सगळी पाने आम्ही दोघींनी श्वास रोखून, आवाज न करता उलटली. मला त्या वयात मिळालेला वाङ्मयसमीक्षेचा तो सर्वांत मोठा धडा होता आणि—

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली आहेत असे तिच्यात लिहिले असून ‘पाच’ या शब्दाखाली दोन रेघा आहेत. नमनालाच घडाभर तेल गेले, तेव्हा जे सांगण्यासाठी आले ते आता भराभर सांगते.

पहिला मुद्दा: रात्र लांब हवी आणि सकाळ आखूड. ‘द स्नोमॅन’मध्ये सकाळ अगदी शेवटच्या चौकटींपुरती आहे. क्रिस व्हॅन ऑल्सबर्ग यांच्या १९८५ च्या ‘द पोलर एक्स्प्रेस’मध्येही अंथरुणात घुंगरांच्या आवाजाची वाट पाहणारा मुलगा आगगाडीत बसून उत्तर ध्रुवापर्यंत जाऊन येतो, आणि पुस्तकाचा फार मोठा भाग अंधारात जातो. भेटी उघडण्याचा सोहळा चार-पाच जोडपाने चालवणारी पुस्तके मी पाहिली आहेत. ती दुसऱ्यांदा वाचायला मागणारे मूल मी पाहिलेले नाही.

दुसरा मुद्दा: अंधार खरोखरच अंधारा हवा. मूल घाबरेल या भीतीने कित्येक पुस्तकांत रात्र म्हणजे फिकट निळा दिवस असतो. व्हॅन ऑल्सबर्ग यांच्या चित्रांत अंधार दाट आहे, म्हणून गाडीच्या खिडक्यांतला उजेड ऊबदार वाटतो. आणि येथे मघाचा बैल-गाढवाचा मुद्दा परत येतो: मजकुराने ‘रात्र होती’ म्हणून सांगू नये, ते काम कुंचल्याचे आहे. मजकूर तेवढ्यात गप्प बसला की मूल कान देते.

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा होता आणि त्याला दीड मिनिट उरले आहे. सकाळी मुलाच्या हाती काय उरावे? रात्री घडले ते खरे होते का, हा प्रश्न प्रत्येक मूल विचारते. ‘द पोलर एक्स्प्रेस’मध्ये पुरावा म्हणून एक घंटा उरते, पण तिचा नाद मोठ्यांना ऐकू येत नाही. बीट्रिक्स पॉटर यांच्या १९०३ च्या ‘द टेलर ऑफ ग्लॉस्टर’मध्ये नाताळच्या आदल्या रात्री उंदीर आजारी शिंप्याचा कोट शिवून ठेवतात, फक्त एक काज दोऱ्याअभावी राहते, आणि तेथे दोरा संपल्याची बारीक अक्षरांतली चिठ्ठी टाचलेली असते. असा लहानसा, अपुरा पुरावा मला सर्वांत आवडतो. ‘द स्नोमॅन’ तर पुरावाच देत नाही. वितळलेला ढीग, त्यावर टोपी आणि गळपट्टा, आणि आपल्याकडे पाठ करून उभा असलेला मुलगा, एवढेच. १९८२ मध्ये त्यावर चित्रपट निघाला तेव्हा मुलाच्या खिशात एक गळपट्टा सापडू लागला, आणि तो देणारा फादर ख्रिसमस, म्हणजे इंग्रजांचा सांता, हाही त्यात आला. गंमत अशी की पुस्तकात नाताळ नाहीच. झाड नाही, भेटी नाहीत, सांता नाही. तो चित्रपटाने आणला, आणि आता आपण सगळे ते नाताळचेच पुस्तक समजून वाचतो. मला वाटते ते तसे झाले, कारण त्यात ती रात्र होती. बाकीचे सामान नंतर भरता आले.

नातीने ते शेवटचे पान पाहिले तेव्हा मी तिच्या रडण्याची तयारी ठेवली होती. ती रडली नाही. तिने पुस्तक मिटले, उलटे केले, पहिल्या पानावर पडणाऱ्या बर्फावर बोट ठेवले आणि म्हणाली, “हे बघ, अजून पडतंय.”

दुसरी चिठ्ठी आली आहे, तेव्हा थांबते. मी उल्लेखलेली पुस्तके सभागृहाच्या मागच्या बाजूला टेबलावर मांडून ठेवली आहेत. कृपया हात पुसून पाहावीत. बटणाचे पुस्तकही तेथे आहे. ते कोणी दाबू नये असे मी सांगणार नाही, त्याची बॅटरी माझ्या पर्समध्ये आहे.